माझ्या नावावर असलेलं एकच गाणं

आमच्या ह्यांच्या पंचाहत्तरीला ह्यांचं गाणं फार रंगलं. टाळ्या पडल्या, लोकांनी पुन्हा लावायला सांगितलं, एक बाई तर रडल्या. अडचण एवढीच होती, की ते गाणं ह्यांनी गायलेलं नव्हतं.

हे कसं झालं ते सांगते. मी चौथी शिकलेली बाई आहे, त्यामुळे कॉम्प्युटरबद्दल माझं काही चुकलं तर सांभाळून घ्या. (आमचा राजू इंजिनियर आहे. त्याचं काय चुकलं ते पुढे येईलच.)

हे स्वारगेटच्या स्टँडवर नोकरीला होते. चौकशीच्या खिडकीमागे बसायचं आणि माइकवरून गाड्या पुकारायच्या. आता गाड्या पुकारणं म्हणजे काही मैफल नव्हे. पण "बार्शीला जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर उभी आहे" हे वाक्य हे असं काही आळवायचे, की बार्शीचे प्रवासी मान डोलावत उभे राहायचे आणि गाडी निघून जायची. तक्रारी आल्या. साहेब म्हणाले, "साळुंखे, गाडी पुकारा, गाऊ नका." हे घरी येऊन म्हणाले, "साहेबांना कान नाही."

संध्याकाळी ह्यांचा ऑर्केस्ट्रा. आम्ही तेव्हा कसबा पेठेत दोन खोल्यांत राहत होतो. गणपतीत मांडवामांडवांतून ह्यांना बोलावणं असे. हे एकाच मोठ्या गायकाची गाणी गायचे, आणि त्याच्याच आवाजात. (त्यांचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं की हे मला कान पकडायला लावतील.) ह्यांचा तो नियमच होता. गाणं सुरू करण्याआधी मूळ गायकाचं नाव घ्यायचं, नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचा, मग बोट वर करायचं, म्हणजे हे सगळं त्यांचं, आमचं काही नाही. स्वतःचं नाव कधी सांगायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "अहो, गाता तुम्ही, घसा तुमचा दुखतो, मग नाव त्यांचंच का?"

"शकू, आपण कोण? आपण सावली."

"सावलीला रोज मिठाच्या गुळण्या कोण करून देतं?"

ह्यांनी गुळणी तोंडात धरली.

प्रत्येक कार्यक्रमाची हे कॅसेट भरून घ्यायचे. अशा कॅसेटांची एक पत्र्याची ट्रंक भरली होती. कॅसेटचे फायदे मला विचाराल तर एकच, हातात धरता यायची. तोटे पुष्कळ. फीत मशीनमध्ये अडकायची, मग पेन्सिल घालून गुंडाळत बसायचं. उन्हाळ्यात ट्रंक तापली की गाणं लांबायचं. राजूने लहानपणी एका चांगल्या कार्यक्रमावर स्वतःचं पाढे म्हणणं भरून ठेवलं होतं. म्हणजे गाणं, गाणं, आणि मध्येच बारा सक बहात्तर.

आता मुख्य कॅसेटकडे येते.

त्या काळात मुंबईला कॅसेटच्या नव्या नव्या कंपन्या निघत होत्या. जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घ्यायची आणि स्वस्तात विकायची. अशा एका कंपनीने ह्यांना निरोप पाठवला, की तुमच्या आवाजाचा नमुना पाठवा. मांडवातल्या कॅसेटांत फटाके होते, लाउडस्पीकरची शिट्टी होती आणि "हरवलेल्या मुलाने स्टेजजवळ यावे" हेही होतं. त्यामुळे घरी शांतपणे गाणं भरायचं ठरलं. ओळखीच्या माणसाकडून चांगला टेपरेकॉर्डर एका सकाळपुरता मागून आणला. ह्यांनी खिडकी लावली, दाराला गोधडी अडकवली, पंखा बंद केला आणि मला सांगितलं, "जगबुडी झाली तरी हाक मारायची नाही."

मी मारली नसती. पण जगबुडी झाली नाही, उलट झालं. नळ गेला.

कसब्यात तेव्हा नळाला सकाळी थोडा वेळ पाणी यायचं, आणि त्या दिवशी ते वेळेआधीच जायला लागलं. धार करंगळीएवढी झाली. पिंप अर्धं रिकामं. सासूबाई अंघोळीला बसलेल्या, अंगाला साबण, डोक्याला शिकेकाई! ह्यांचं गाणं ऐन रंगात आलेलं. मी गोधडी बाजूला केली आणि जो आवाज मला देवाने दिला आहे त्या आवाजात ओरडले,

"अहो, नळ गेला! नळ गेला! खालच्या हौदावरून दोन बादल्या आणा, आई साबणात बसल्यात!"

ह्यांनी मशीन बंद करायच्या ऐवजी आधी तोंड सुरू केलं. मग बादल्या आणल्या. मग पुन्हा तोंड सुरू केलं. ते इतकं चाललं, की ह्यांचा घसा बसला. स्टँडवर दुसरा माणूस गाड्या पुकारू लागला. (बार्शीच्या लोकांना गाड्या मिळू लागल्या.) घसा सुटला तोवर कंपनीने दुसरा गायक घेतला होता.

ती कॅसेट ह्यांनी टाकून दिली असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. पुरावा म्हणून जपून ठेवली! पुढे आमचं कशावरूनही भांडण झालं, अगदी आमटीत मीठ जास्त झालं म्हणून झालं तरी, हे ट्रंक उघडायचे, ती कॅसेट लावायचे, माझं "नळ गेला" येईपर्यंत ऐकवायचे आणि खट्कन बंद करायचे.

"ऐकलंस? इथे माझं आयुष्य थांबलं."

"मग आईंना साबणातच ठेवायचं होतं का?"

असा आमचा संसार.

मग राजू इंजिनियर झाला, हिंजवडीला नोकरीला लागला आणि घरी कॉम्प्युटर आला. एका दिवाळीत त्याने सांगितलं, की बाबांच्या सगळ्या कॅसेट तो कॉम्प्युटरमध्ये भरणार. त्यासाठी एक सॉफ्टवेअर होतं. त्यात गाण्यांचं कपाट करता यायचं. गायकाच्या नावाने कप्पा, सालाने कप्पा, वाटलं तर मूडनेसुद्धा कप्पा. मला ते आवडलं. माझ्या मिसळणाच्या डब्यात जितकी शिस्त आहे तितकी ह्यांच्या ट्रंकेत कधी नव्हती. राजूने वायर जोडली, कॅसेट वाजायची आणि पलीकडे पडद्यावर हिरव्या रेघा नाचायच्या. फीत अडकायची भीती नाही, पाढे मध्ये आले तर कापून टाकता येत होते. (राजूने ते घाईघाईने कापले.)

फक्त त्या सॉफ्टवेअरला प्रत्येक गाण्याला नाव लागायचं. गाण्याचं नाव, आणि खाली कलाकाराचं नाव. नाव घातलं नाही तर ते स्वतःच 'अनोळखी कलाकार' लिहून मोकळं व्हायचं. उभी हयात गाऊन नवरा अनोळखी!

राजू म्हणाला, "बाबा, तुमचं नाव घालतो."

हे खुर्चीतून उठले. "खबरदार! गाणं कुणाचं? त्यांचं नाव घाल."

"पण गायलंय तुम्ही."

"मी कोण? मूळ गायकाचं नाव घाल, नाहीतर बंद कर तो डबा." आणि कानाला हात, बोट वर.

राजूने घातलं. एकेका गाण्याला त्या मोठ्या गायकाचं नाव. हे शेजारी बसून खात्री करून घेत होते, की शुद्धलेखन बरोबर आहे.

शेवटी ट्रंकेच्या तळातून पुरावा निघाला. राजूने तो लावला आणि गाणं कॉम्प्युटरात शिरू लागलं. माझं "नळ गेला" आलं तसं राजू हसून लोळायला लागला.

"बाबा, याला काय नाव घालू?"

"याला त्यांचं नाव लावायचं नाही. असल्या घाणीला देवाचं नाव? तुझ्या आईचं घाल. तिचंच गाणं आहे ते." आणि हे तणतणत चहा प्यायला निघून गेले. राजूने स्पीकर बंद केला, कॅसेट मुकाट आत शिरत राहिली, आणि नाव त्याने खरोखर घातलं. कलाकार, शकुंतला साळुंखे. गाणं, नळ गेला. मी म्हटलं, "घाल बाबा. रेशनकार्डाशिवाय माझं नाव दुसरीकडे कुठे येतंय?"

पुढे आम्ही शहराबाहेर मांजरीला नव्या सोसायटीत राहायला आलो. जागा कमी नव्हती, पण राजूला ती ट्रंक नको होती. त्याने पैसे भरून गाण्यांची एक सेवा घेतली होती. तिच्यात जगातली सगळी गाणी होती, शिवाय आपल्या कपाटातली गाणीही तिच्यात ठेवता यायची. राजूने आकाशाकडे हात केला. "आई, बाबांचं सगळं आता वर गेलंय."

"असं अभद्र बोलू नकोस," मी म्हटलं.

सगळं वर आहे म्हणून कॉम्प्युटरवरचं पुसलं, कारण तिथे जागा हवी होती. कॅसेट भंगारवाल्याने नेल्या. ट्रंकेत मी गहू भरला. ह्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. त्यांना वाटलं, आपला आवाज सुखरूप आहे, आणि तोही देवाच्या नावाने आहे, याहून काय पाहिजे?

नंतर ह्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. रोग वाईट होता. जीव वाचला, आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, जीव महत्त्वाचा." ह्यांनी पाटीवर लिहिलं, 'कुणी सांगितलं?'

तेव्हापासून हे पाटीवर बोलतात. स्टँडवरच्या फळ्यासारखं ठळक अक्षर आहे. मला वाचायला वेळ लागतो, त्यामुळे आमची भांडणं आता फार सावकाश होतात. हे लिहितात, मी चष्मा शोधते, मग वाचते, तोवर हे पुसून पुढचं लिहायला घेतात. खरं सांगायचं तर निम्मी मजा गेली.

ऑपरेशननंतर ह्यांनी स्वतःची गाणी कधी लावू दिली नाहीत. मी मात्र त्या सेवेचा पुष्कळ वापर केला. मेथी निवडताना फोनला सांगायचं, अमुक अभंग लाव. लगेच लावतो. उठावं लागत नाही, फीत अडकत नाही, शेजारणीकडे कॅसेट मागायला जावं लागत नाही. हे चांगलंच आहे, उगाच नावं ठेवणार नाही. खोड एकच. एक अभंग मागितला की तो संपल्यावर आपल्या मनाने दुसरं काहीतरी लावतो, मग तिसरं. मी मागितलं नव्हतं तरी ऐकत बसते. ह्यांनी एकदा पाटीवर लिहिलं, 'कुणाचं ऐकते आहेस?' मला गायकाचं नाव सांगता आलं नाही. गाणं संपताच विसरून गेले होते. कॅसेट पेन्सिलने गुंडाळली की ती आठ दिवस डोक्यात वाजायची.

असो. पंचाहत्तरी आली.

सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. सोसायटीत सगळी आयटीची मुलं आणि त्यांचे आईबाप. त्यांना हे म्हणजे पाटी घेऊन फिरणारे साळुंखेकाका, एवढंच ठाऊक. म्हणून राजू आणि सूनबाई अपर्णा, दोघांनी ठरवलं, की बाबांना न सांगता त्यांचीच गाणी लावायची. कसब्यातून ह्यांचा जुना ढोलकवाला बबन यालाही बोलावलं. बबनला आता ऐकू कमी येतं, पण बोलू भरपूर येतं.

निघताना मी ह्यांची पाटी घरीच ठेवली. ह्यांनी खुणेने विचारलं. मी म्हटलं, "सत्काराला पाटी घेऊन बसणार? शाल कुठे घेणार, पाटीवर?" ही माझी अक्कल.

शाल झाली, नारळ झाला. राजू माइकवर म्हणाला, "आता ऐका बाबांचा आवाज," आणि फोनवर बोट टेकवलं.

हॉलमध्ये आवाज घुमला. काय तो आवाज! माझ्या अंगावर काटा आला. मी शेजारच्या बाईंना कोपराने ढोसून म्हटलं, "हाच तो. याच आवाजाशी मी संसार केला." त्या बाईंनी डोळ्याला पदर लावला. जन्मभर ज्याला गुळण्या करून दिल्या त्या माणसाचा आवाज मी ओळखला, असं मला वाटलं!

ह्यांच्याकडे पाहिलं तर हे शाल फेकून उभे राहिलेले. दोन्ही हात हलवताहेत, 'नाही, नाही'. लोक म्हणाले, "बघा, किती विनय!" ह्यांनी स्वतःकडे बोट दाखवून मान जोरात हलवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ह्यांनी शेवटचा उपाय केला. कानाला हात लावला आणि बोट वर केलं. म्हणजे, अरे, हे त्यांचं आहे!

"वा!" सोसायटीचे सेक्रेटरी देवधर गहिवरले. "आजही गुरूंना वंदन! शिका काही, मुलांनो."

तेवढ्यात गाण्यात व्हायोलिनं सुरू झाली. एक नाही, दोन नाही, मांडवात मावणार नाहीत इतकी. शेजारच्या बाई म्हणाल्या, "आजी, एवढे व्हायोलिनवाले कसब्यात कुठे हो बसायचे?"

माझं तोंड उघडंच राहिलं. आमच्या ऑर्केस्ट्रात एक पेटी, एक बबन आणि खुळखुळा वाजवायला बबनचा मेहुणा, एवढंच होतं. मी बबनकडे पाहिलं. तो छाती काढून देवधरांना सांगत होता, "हा तुकडा माझा! तेव्हा हात असा चालायचा!"

मग कडव्यात एक बाई गायला लागली. अतिशय गोड.

"या तुम्ही का, आजी?"

"नाही," मी म्हटलं. आमच्याकडे बाईचं कडवं बबनचा मेहुणाच नाकातून गायचा.

आता मी उठून काहीतरी बोलणार, तेवढ्यात देवधरांनी स्वतःचा फोन वर धरला. त्यांच्या फोनमध्ये ऐकून गाणं ओळखायची सोय होती. ते माइकजवळ आले. "मंडळी, कमाल झाली! मी फोनला विचारलं, हे कोण गातंय? तो मूळ गायकाचं नाव सांगतोय! यंत्रालासुद्धा फरक कळेना. काका, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नाही!"

सगळा हॉल उभा राहिला. हे खाली बसले.

घरी आल्यावर ह्यांनी आधी पाटी घेतली. 'हा माझा आवाज नाही.'

राजू म्हणाला, "बाबा, इतका विनय बरा नाही."

'गाढवा,' असं ह्यांनी लिहिलं. मग ते पुसून, 'बबनचा ढोलक कुठे आहे?'

राजूने दुसरं गाणं लावलं. त्यातही व्हायोलिनं. तिसरं लावलं. तसंच. राजूचा चेहरा उतरला. तो बराच वेळ फोनमध्ये डोकं घालून बसला. मग सांगायला लागला, पण माझ्याकडे बघून. वडलांकडे बघायची हिंमत नव्हती.

"आई, ही सेवा काय करते, आपण दिलेलं गाणं तिच्याकडे आधीच आहे का बघते. नावावरून. गाण्याचं नाव जुळलं, कलाकार जुळला, की आपलं ठेवत नाही. तिच्याकडची चांगली प्रत देते. जागा वाचते म्हणून. आपण सगळीकडे मूळ गायकाचं नाव घातलं होतं..."

"म्हणजे आपण सांगितलं हे त्यांचं आहे, आणि तिने खरं मानलं."

"हो."

"मग तिचं काय चुकलं? मशीनला कान पकडणं काय कळणार?"

"आणि आपली प्रत?" अपर्णाने विचारलं.

राजूने फोन उलटा ठेवला. कॉम्प्युटर पुसलेला. कॅसेट भंगारात. ट्रंकेत गहू. घरात जगातली सगळी गाणी होती, आणि समोर बसलेल्या माणसाचा आवाज कुठेच नव्हता. ना घशात, ना ट्रंकेत, ना वर.

मी रडणारी बाई नाही. मी उठून चहा टाकला. ह्यांनी पाटी पुसली आणि कोरीच मांडीवर ठेवली. ते मला सहन झालं नाही. शिव्या तरी लिहा म्हणावं. आजवर हा माणूस माझ्याशी भांडायचा थांबला नव्हता. आता भांडण काढावं असं मलाच वाटलं, म्हणून म्हटलं, "बरं झालं. निदान तो पुरावा तरी गेला. आता मला नळावरून बोलायला जागा नाही."

ह्यांनी मान वर केली. मीही दुधाचं पातेलं हातात घेऊन थांबले. दोघांना एकदमच सुचलं.

"राजू," मी म्हटलं, "माझ्या नावाने शोध."

"काय?"

"माझ्या नावाने! तू घातलं होतंस ना? शकुंतला साळुंखे!"

राजूने टाइप केलं. एक गोल फिरत राहिला. आणि आलं. कलाकार, शकुंतला साळुंखे. गाणं, नळ गेला. जगातल्या कुठल्याही गायिकेशी जुळलं नव्हतं, त्यामुळे जसंच्या तसं शाबूत होतं.

राजूने लावलं. गोधडीमागचा तो आवाज आला. व्हायोलिन नाही, काही नाही. हुबेहूब त्या मोठ्या गायकासारखा, पण खालच्या सुराला जरासा बार्शीच्या गाडीसारखा लांबलेला. हॉलमध्ये मला जो फरक कळला नव्हता तो आता लगेच कळला. मग मी ओरडले. अपर्णा दचकली. "आई, हे तुम्ही?" मी म्हटलं, "मीच. ओळखायला फोन लागत नाही."

सवयीने ह्यांचा हात बंद करायला पुढे गेला. पण फोनला खटका कुठे असतो? त्यामुळे गाणं पुढे चालू राहिलं. आजवर आम्ही कधीच तिथून पुढे ऐकलं नव्हतं. टेपरेकॉर्डर त्या दिवशी चालूच राहिला होता! आधी ह्यांचं तोंड सुरू झालं. (अपर्णाने राजूच्या कानावर हात ठेवले.) मग दार वाजलं. मग बादल्या आल्याचा आवाज, पिंपात पाणी ओतल्याचा आवाज, सासूबाईंचं "अरे, डोळ्यात गेलं!" आणि मग, पाणी ओतता ओतता, हे तेच गाणं गुणगुणायला लागले.

तो आवाज त्या मोठ्या गायकाचा नव्हता. कुणाचाच नव्हता. जरा घोगरा, साधा. पहाटे डबा भरताना मला मागच्या खोलीतून ऐकू यायचा तो. कुणाला ऐकवायचं नसताना हे असे गायचे.

गाणं संपलं. राजूने डोळे पुसले. मी चहा गाळला, कारण तो उकळून काळा झाला होता. ह्यांनी पाटी उचलली, बराच वेळ लिहिलं आणि माझ्यासमोर धरली. मी चष्मा शोधला. मला वाटलं, इतक्या वर्षांनी माफीबिफी मागितली असेल.

'समेवर ओरडली होतीस. तेव्हा लक्षात आलं नाही.'

"आणि हा शेवटचा आवाज कुणाचा म्हणायचा?" मी विचारलं. "त्यांचा, की तुमचा?"

ह्यांचा हात सवयीने कानाकडे गेला. अर्ध्यावर थांबला. मग खाली आला.

'पुन्हा लाव,' एवढंच लिहिलं.

आता हे रोज चहाच्या वेळी ते ऐकतात, शेवटपर्यंत. राजूने त्याच्या चार ठिकाणी प्रती करून ठेवल्या आहेत, एक तर माझ्या देवघरातल्या डबीत आहे. आणि गाणं संपलं की फोन दुसरं काही लावत नाही. किती का शहाणा असेना, यासारखं दुसरं त्याला सापडत नाही. पडद्यावर फक्त एक ओळ येते, ती मी आता चष्म्याशिवाय वाचते. 'या कलाकाराची आणखी गाणी उपलब्ध नाहीत.'

कुठून असणार? मांजरीला नळाला चोवीस तास पाणी आहे.